श्वान निवारा केंद्राची निवड

श्वान निवारा केंद्राची निवड म्हणजे कुत्रा दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीने वा कुटुंबाने, ज्या संस्थेकडून कुत्रा घ्यावयाचा त्या संस्थेची विश्वासार्हता आधी पारखून घेणे होय. महाराष्ट्रात नोंदणीकृत पशुकल्याण संस्था, पांजरपोळ, स्थानिक स्वराज्य संस्थांशी संलग्न केंद्रे आणि घरच्या घरी काम करणारे स्वयंसेवक असे अनेक जण कुत्री दत्तक देतात. दत्तकाच्या नावाखाली पिल्ले विकणारेही याच गर्दीत असतात. बाहेरून पाहता हे सारे सारखेच दिसतात, म्हणून पारख आवश्यक ठरते.

निवड चुकल्यास त्याची किंमत बहुधा कुत्र्यालाच मोजावी लागते. घरी आणलेले पिल्लू आठवड्याच्या आत पार्वोसारख्या रोगाने दगावते, किंवा स्वभाव न जुळल्यामुळे मोठा कुत्रा काही महिन्यांत पुन्हा रस्त्यावर येतो. लसीकरणाची नोंद खोटी असेल तर धोका घरातील माणसांनाही असतो; कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर त्यावर उपचार जवळजवळ निष्फळ ठरतात.

संज्ञा

'दत्तक' हा शब्द संस्कृत 'दत्त' म्हणजे 'दिलेला' यावरून आला आहे. मराठीत आपण 'दत्तक घेणे' म्हणतो खरे, पण शब्दाच्या मुळाशी घेणारा नसून देणारा आहे, आणि प्रस्तुत विषयातही विचार देणाऱ्यापासूनच सुरू करावा लागतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे दत्तकविधान नव्हे. भारतीय कायद्यात पाळीव प्राणी ही मालमत्ता मानली जाते, त्यामुळे केंद्राचा 'दत्तक करार' हा दोन पक्षांतील साधा करार असतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाशी त्याचा काही संबंध नाही.

'निवारा केंद्र', 'रेस्क्यू सेंटर', 'शेल्टर' हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात. 'निर्बीजीकरण केंद्र' मात्र वेगळे. तेथे रस्त्यावरील कुत्री शस्त्रक्रिया व लसीकरणापुरती आणली जातात आणि नियमानुसार त्याच परिसरात परत सोडली जातात.

पार्श्वभूमी

मुंबईत या विषयाचा इतिहास बराच जुना आहे. भटकी कुत्री मारणाऱ्यास बक्षीस देण्याच्या ब्रिटिश प्रशासनाच्या धोरणाविरुद्ध जून १८३२ मध्ये कोट भागात पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या प्रयत्नांतून भुलेश्वर भागात मुंबई पांजरपोळ उभी राहिली. प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्थेची मुंबई शाखा १८७४ ची आणि परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ चे आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही १८८६ मध्ये परळलाच सुरू झाले.

या जुन्या संस्थांचा भर आश्रय व उपचार यांवर होता. कुत्रा घरोघर दत्तक देण्याची चळवळ अलीकडची आहे. मुंबईत 'द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' ही संस्था १९८५ पासून आणि पुण्यात 'रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट' २००७ पासून काम करीत आहे. शहरांतील दत्तक मेळावे गेल्या दोन दशकांत रुळले.

कायदेशीर चौकट

मूळ कायदा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० हा आहे. त्यान्वये १९६२ मध्ये भारतीय पशुकल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल या मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. पशुकल्याण संस्थांना हे मंडळ मान्यता देते. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्था असणे अपेक्षित आहे.

पाळलेले जनावर उपाशी-तहानेले राहील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा याच अधिनियमाच्या कलम ११ अन्वये गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड दहा ते पन्नास रुपये! कित्येक दशकांपूर्वी ठरलेली ही रक्कम आज एका वडापावच्या न्याहारीइतकी उरली आहे. कुत्रा टाकून देणाऱ्यावर कायद्याचा धाक जवळजवळ नाही. म्हणूनच कुत्रा कोणाच्या हाती जातो याची खातरजमा आधी करण्याचे काम केंद्रावर येऊन पडते.

रस्त्यावरील कुत्र्यांसंबंधी प्रथम २००१ मध्ये आणि पुढे २०२३ मध्ये प्राणी जन्मनियंत्रण नियम लागू झाले. २०२३ च्या नियमांनुसार पाळीव कुत्र्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे, तर रस्त्यावरील कुत्र्यांबाबत ती स्थानिक प्राधिकरणाची आहे. श्वान प्रजनन व विपणन नियम, २०१७ नुसार पैदासकाराला राज्य मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेचा आदेश २२ तारखेला सुधारला. रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असे त्यात म्हटले आहे. प्राणीप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घेता येईल, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची राहील, हेही त्याच आदेशात आहे.

दत्तक देण्याजोगा कुत्रा

रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा दत्तक देण्याजोगा नसतो. एखाद्या आळीत पाच-सहा वर्षे रमलेला, निर्बीजीकरण झालेला (त्याच्या कानाला खाच असते), चार घरी भाकरी खाणारा कुत्रा चौथ्या मजल्यावरील सदनिकेत सुखी होईलच असे नाही. बहुधा होत नाही. आई गमावलेली पिल्ले, अपघातात पाय गेलेली वा दृष्टी गेलेली कुत्री आणि मालकांनी टाकून दिलेली पाळीव कुत्री यांना मात्र घराची खरी गरज असते. शेवटच्या गटात लॅब्रॅडॉर, हस्की, सेंट बर्नार्ड अशा परदेशी जातीही आढळतात. केसाळ हस्की कोकणच्या उकाड्यात कसा दिवस काढतो हे पाहिल्यावर खरेदीमागचा अविचार लक्षात येतो. केंद्र हा भेद करते की नाही, येथूनच त्याची पारख सुरू होते. दिसेल तो कुत्रा उचलून आणणाऱ्या आणि कोणताही कुत्रा कोणालाही देणाऱ्या संस्थेचा हेतू चांगला असेलही, पण तिच्या निर्णयावर विसंबता येत नाही.

केंद्राची पारख

कागदपत्रे: संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदलेली असते, किंवा १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली वा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली. नोंदणी क्रमांक मागितल्यावर तो लगेच मिळावा. पशुकल्याण मंडळाची मान्यता ही याहून वेगळी बाब आहे, आणि निर्बीजीकरण प्रकल्पासाठीचे मान्यतापत्र त्याहूनही वेगळे. ओळखपत्रावर मंडळाचे नाव छापलेले असणे म्हणजे संस्थेला मान्यता असणे नव्हे. देणगीवर आयकर सवलत मिळते असे सांगितले जात असेल तर पावतीवर संस्थेचा स्थायी खाते क्रमांक व '८०जी' नोंदणीचा उल्लेख हवा. नोंदणी नसलेला एकटा स्वयंसेवकही प्रामाणिक असू शकतो. गावोगाव असे लोक आहेत आणि त्यांच्यामुळे पुष्कळ पिल्ले वाचतात. त्यांच्याबाबतीत त्यांचा पशुवैद्य कोण, हे विचारावे आणि त्या पशुवैद्याशी बोलावे.

प्रत्यक्ष भेट: कुत्रा पाहण्याआधी जागा पाहावी. जी संस्था केवळ छायाचित्रे पाठवते, केंद्रावर येऊ देत नाही आणि कुत्रा रस्त्याच्या कडेला गाडीतून हाती देते, तिच्याकडून घेऊ नये. कुत्र्यांच्या सुरक्षेसाठी भेटीची वेळ ठरवून देणे वाजवी आहे. भेटच नाकारणे वाजवी नाही. पाण्याची भांडी भरलेली व स्वच्छ आहेत का, पावसाळ्यात कुत्र्यांना बसायला कोरडी, जमिनीपासून उचललेली जागा आहे का, भांडणारी कुत्री वेगळी ठेवली आहेत का, आणि सेवक आला की कुत्री शेपटी हलवत पुढे येतात की कोपऱ्यात दबतात, हे पाहावे. यातील शेवटची गोष्ट कोणत्याही प्रमाणपत्रात लिहिलेली नसते. कुत्र्यांची संख्या वाढत जाते पण सेवक तेवढेच राहतात, हा चांगल्या हेतूने सुरू झालेल्या केंद्रांचा नेहमीचा ऱ्हास होय. दयेपोटी एकाही प्राण्याला नकार न देणारी व्यक्ती काही वर्षांत शंभर आजारी प्राण्यांची मालक होऊन बसते, आणि मग त्यांतील एकाचीही नीट देखभाल होत नाही.

विलगीकरण: पिल्लू घेणाऱ्याने सर्वांत आधी विचारावा असा प्रश्न म्हणजे 'हे पिल्लू केंद्रात कोणत्या तारखेला आले?' पार्वो विषाणूचा संसर्ग झाल्यावर साधारण तीन ते सात दिवस, क्वचित दोन आठवड्यांपर्यंत, पिल्लू खेळकर दिसते. नंतर उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. म्हणून नव्या पिल्लाला सुमारे दोन आठवडे इतरांपासून वेगळे ठेवणे आवश्यक असते. काल आलेले पिल्लू आज दत्तक देणारे केंद्र दया दाखवीत नाही, जोखीम दुसऱ्याच्या घरी पोहोचवते. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलने मरत नाही. त्यासाठी ब्लीचचे योग्य प्रमाणातील द्रावण लागते. फिनेलचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, ही आपल्याकडील समजूत येथे उपयोगाची नाही. वेगळ्या खोलीसाठी वेगळा झाडू आणि वेगळी चप्पल आहे का, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

आरोग्यनोंदी: लसीकरणाच्या पुस्तिकेत लशीच्या कुपीवरील चिकटपट्टी, गट क्रमांक, तारीख आणि पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक असावा. केवळ 'लस दिली' असा शेरा पुरेसा नाही. पिल्लांना पार्वो, डिस्टेंपर इत्यादींविरुद्धची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दिली जाते. रेबीजची लस साधारणपणे तिसऱ्या महिन्यात येते. 'दीड महिन्याच्या पिल्लाचे सर्व लसीकरण पूर्ण' असा दावा म्हणूनच खरा असू शकत नाही. कोकणात लेप्टोस्पायरोसिसची लस दिली आहे का, हेही विचारावे. भाताच्या खाचरांत आणि उंदरांच्या वावरात हा रोग फैलावतो व माणसालाही होतो. मोठ्या कुत्र्याबाबत गोचीड-तापाची रक्ततपासणी झाली आहे का आणि जननेंद्रियावरील संसर्गजन्य गाठीचा उपचार झाला आहे का, हे पाहावे. ही गाठ रस्त्यावरील कुत्र्यांत बरीच आढळते, पण योग्य औषधाने बहुधा पूर्ण बरी होते. तिची कबुली देणारे केंद्र ती लपविणाऱ्यापेक्षा निश्चितच चांगले.

सांगितलेले वय दातांवरून ताडून पाहता येते. सुमारे दोन महिन्यांपर्यंत सर्व २८ दुधाचे दात आलेले असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास पुढचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांत ४२ कायमचे दात पूर्ण होतात. दातच न आलेले पिल्लू 'दोन महिन्यांचे' म्हणून दिले जात असेल, तर त्याला आईपासून फार लवकर तोडले आहे.

मृत्यूंची नोंद: हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो विचारावा. अपघातग्रस्त व रोगी कुत्री स्वीकारणाऱ्या कोणत्याही केंद्रात मृत्यू होतातच. असाध्य आजारी वा प्राणांतिक जखमी कुत्र्याला पशुवैद्याने वेदनारहित मृत्यू देण्याची तरतूद नियमांतही आहे. 'आमच्याकडे एकही दगावत नाही' असे सांगणारे केंद्र एक तर आजारी कुत्री घेत नाही किंवा नोंद ठेवत नाही. गेल्या वर्षी किती आली, किती दत्तक गेली, किती परत आली आणि किती मेली, हे चार आकडे वहीत असणे आणि ते पाहुण्याला दाखविण्याची तयारी असणे ही बहुधा सर्वांत भरवशाची खूण.

केंद्राने विचारावयाचे प्रश्न: चांगले केंद्र सांगते त्यापेक्षा विचारते अधिक. घर स्वतःचे की भाड्याचे, घरमालकाची हरकत आहे का, दिवसभर घरी कोण असते, आधीचा कुत्रा होता तर त्याचे काय झाले, घरातील सर्वांची संमती आहे का, गणपतीत गावी जाताना कुत्रा कोठे राहील, असे हे प्रश्न असतात. काहींना ही चौकशी अपमानास्पद वाटते. परंतु मुलगी देताना स्थळाची चौकशी करणारा समाज कुत्रा देताना केलेल्या चौकशीने दुखावला जाऊ नये. पुष्कळ केंद्रे गृहभेट घेतात. दूरच्या ठिकाणी व्हिडिओ कॉलवर घर पाहतात.

परत घेण्याची हमी: करारात सर्वांत महत्त्वाचे कलम हेच. कोणत्याही कारणाने, केव्हाही कुत्रा ठेवणे अशक्य झाले तर तो अन्यत्र न देता केंद्राकडेच परत करावा आणि केंद्राने तो स्वीकारावा, असे ते असावे. ही हमी न देणाऱ्या केंद्राचा संबंध फाटकापाशी संपतो. लहान पिल्लाबाबत ठरावीक वयात निर्बीजीकरण करून त्याचा दाखला पाठविण्याची अटही करारात असते.

फसवणूक

सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे जातिवंत पिल्लू 'मोफत दत्तक' म्हणून दाखवून वाहतूक, पिंजरा, विमा अशा नावांनी आगाऊ पैसे मागणे. पैसे गेले की संपर्क तुटतो. पिल्लू दुसऱ्या राज्यातून पाठवतो असे सांगितल्यास पशुवैद्याचा आरोग्यदाखला मागावा. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार कुत्र्याच्या प्रवासासाठी तो आवश्यक आहे. दुसऱ्या प्रकारात विनानोंदणी पैदासकार उरलेली वा आजारी पिल्ले 'रेस्क्यू' म्हणून खपवतो. अशा ठिकाणी बारा महिने एकाच जातीची पिल्ले उपलब्ध असतात.

दत्तक शुल्क घेणे ही फसवणूक नव्हे. लस, शस्त्रक्रिया व औषधे यांचा खर्च केंद्राने केलेला असतो, आणि थोडे शुल्क घेतल्याने घेणाऱ्याचे गांभीर्यही कळते. पावती न देता, दर जातीनुसार बदलून घेतलेल्या पैशाला मात्र विक्रीच म्हणावे लागते.

चौक व खालापूर–कर्जत परिसर

चौक हे रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातील गाव जुन्या मुंबई–पुणे महामार्गावर, इरशाळगडाच्या परिसरात आहे. पनवेल–कर्जत रेल्वेमार्गावर त्याचे स्थानक आहे. खोपोली, कर्जत, माथेरान येथे नगरपरिषदा असल्या तरी परिसराचा बहुतांश भाग ग्रामपंचायतींचा आहे. मोठ्या महापालिकेकडे असते तशी श्वाननियंत्रणाची यंत्रणा ग्रामपंचायतीकडे नसते. त्यामुळे येथील रहिवासी दत्तकासाठी बहुधा मुंबई, नवी मुंबई वा पुण्याच्या संस्थांकडे वळतात.

या पट्ट्याचा विशेष प्रश्न शेतघरांचा, म्हणजे फार्महाऊसचा, आहे. मुंबई-पुण्याचे मालक शनिवार-रविवारी येतात. कुत्रा 'राखणीला' म्हणून आणलेला असतो आणि उरलेले पाच दिवस तो रखवालदाराच्या कुटुंबाच्या भरवशावर, पुष्कळदा साखळीला, राहतो. शेतघर विकले गेले वा रखवालदार बदलला की कुत्रा महामार्गाच्या कडेच्या धाब्यांपाशी येतो. म्हणून शेतघराचा पत्ता देणाऱ्याला विश्वासार्ह केंद्र 'सोमवारी त्याला जेवायला कोण घालणार?' असे विचारते आणि शक्य तर त्या माणसाशीच बोलते. जेवण घालणाराच खरा पालक. करारावर त्याचे नाव असणे अधिक सयुक्तिक ठरेल. केवळ राखणीसाठी कुत्रा देण्यास अनेक संस्था स्पष्ट नकार देतात.

माथेरानच्या डोंगररांगेलगत बिबट्याचा वावर असतो आणि रात्री उघड्यावर बांधलेला कुत्रा त्याला सहज भक्ष्य ठरतो. पावसाळ्यात घोणस व नाग शेतघरांच्या जोत्याशी येतात. रात्री कुत्र्याला आत घेण्याची सोय आहे का, हा प्रश्न येथे औपचारिक राहत नाही. तालुक्याच्या ठिकाणी शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, परंतु त्यांचा मुख्य भार गाई-म्हशींचा असतो. कुत्र्याच्या शस्त्रक्रियेसाठी पनवेल वा त्यापुढे जावे लागेल, हे दत्तक घेण्यापूर्वीच गृहीत धरावे.

टीका

निवारा केंद्रे अवाजवी कडक असतात अशी तक्रार वारंवार होते. भाडेकरू, एकटे राहणारे तरुण, विद्यार्थी व वृद्ध यांना सरसकट नकार मिळतो. तक्रारीत तथ्य आहे. घरी पूर्ण वेळ असणारी निवृत्त व्यक्ती शांत, वयस्क कुत्र्यासाठी उत्तम पालक ठरू शकते, मात्र तिच्यानंतर कुत्र्याचे काय, याची लेखी व्यवस्था हवी. परिस्थितीची चौकशी करून दिलेला नकार आणि नियमावर बोट ठेवून दिलेला नकार यांत फरक आहे. काही केंद्रे कठीण प्रकरणांत काही आठवडे 'तात्पुरते पालकत्व' देऊन पाहतात. दोन्ही बाजूंना तो मार्ग सोयीचा ठरतो.

दत्तकानंतर

कुत्रा घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत स्वतःच्या पशुवैद्याकडून तपासून घ्यावा आणि काही आढळल्यास केंद्राला कळवावे. पहिल्या आठवड्यात कुत्रा निसटून पळण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्याला नवे घर अजून घर वाटत नसते, आणि चौकसारख्या ठिकाणी महामार्ग व रेल्वेरूळ दोन्ही जवळ असतात. गळ्यात दूरध्वनी क्रमांकाचा बिल्ला आणि बाहेर नेताना दोरी या दोन्ही गोष्टी या काळात आवश्यक आहेत. प्रथम तीन दिवस बुजलेपणा, सुमारे तीन आठवड्यांत दिनक्रमाची ओळख आणि तीन महिन्यांत खरा स्वभाव, असा ठोकताळा संस्था सांगतात. तिसऱ्या दिवशी 'हा फारच गप्प आहे' म्हणून परत आणलेल्या कुत्र्याचा स्वभाव कोणालाच कळलेला नसतो.

चांगले केंद्र पहिल्या महिन्यात स्वतःहून विचारपूस करते, लशीच्या तारखांची आठवण देते आणि वर्षभराने निर्बीजीकरणाचा दाखला मागते.